दवाई लागली

दीपाला आपल्या कानांचा फार अभिमान होता आणि त्याच कानांनी तिचा घात केला. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की पाव्हण्यानं गोष्ट गोड गोड सुरू केली आणि मधेच गळा कापला.

सतरा सालचा पावसाळा. त्या वर्षी परहाटी, म्हणजे कापूस हो, अशी काही माजली होती की वावरात शिरलेल्या माणसाची टोपीसुद्धा बाहेरून दिसत नव्हती. झाड डोक्याबरोबर, आणि त्यावर अळी. मग काय, ज्याच्या त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप! आर्णीकडच्या गावांतून सकाळी जावं तर वाऱ्यावर तो उग्र वास यायचा आणि चहाचा घोटसुद्धा कडू लागायचा.

दीपा मात्र त्या वासापासून लांब, यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होती. एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या माडीवर पुण्याच्या एका संस्थेनं बारा कॉम्प्युटर मांडले होते. काम ऐकाल तर हसाल. लोक फेसबुकवर जे उघड्यावर लिहितात ते गोळा करायचं आणि कोणत्या भागातला माणूस कसा हसतो, कसा चिडतो, दुःख कसं सांगतो, याचा नकाशा काढायचा. कोकण, देश आणि वऱ्हाड, असे तीन भाग. दुःखाला निळा ठिपका, रागाला लाल, गमतीला पिवळा आणि समाधानाला हिरवा. कोणाची ओळख उघडी पडू नये म्हणून लिहिणाऱ्याचं नाव-गाव काढून टाकलेलं असायचं आणि समोर यायचा फक्त सहा शब्दांचा तुकडा. वर तालुक्याचं नाव. तुकडा वाचायचा, ठिपका लावायचा, पुढचा. दिवसाला सातशे.

या सगळ्याच्या प्रमुख होत्या निशिगंधा मॅडम. बाई मनानं चांगली, खोटं कशाला बोला. वऱ्हाडी समजत नाही हे मोकळेपणानं सांगायची आणि म्हणूनच तिनं दीपाला घेतलं होतं. "तू आमचा वऱ्हाडचा कान," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. अडलेला शब्द आला की मॅडम दीपाला विचारणार, दीपा अर्थ सांगणार, तो अर्थ शब्दांच्या वहीत चढणार. आणि एकदा वहीत चढला की बाराही जणांनी तोच धरायचा.

आता असा मान मिळाल्यावर माणूस फुलायला पाहिजे. दीपा फुललीही, पण आठ दिवसच. नवव्या दिवशी बैठकीत बोलता बोलता ती "मले वाटते" म्हणून गेली, आणि पुण्याहून आलेला अमर नावाचा पोरगा टेबलावर हात मारून म्हणाला, "मले! अरे वा! परत म्हण ना, प्लीज!" सगळे हसले. दीपाही हसली. काय करणार? पण संध्याकाळी खोलीवर जाऊन तिनं आरशासमोर वीस वेळा म्हटलं, मला, तुला, मला, तुला. आणि कानाला खडा लावला की आता या ऑफिसात आपल्या तोंडून गावचा एक शब्द निघणार नाही.

तिथून सुरू झालं. मॅडमनी विचारलं, "भैताड म्हणजे काय गं?" दीपा म्हणाली, "शिवी आहे." झालं, लाल ठिपका. आता तुम्हीच सांगा, भैताड म्हणजे वेडं, खुळं; ही काय नुसती शिवी आहे? तिचा बाप भीमराज तव्यावरची पहिली भाकर तिच्या ताटात टाकताना म्हणायचा, खाय न भैताड पोरी, थंडी होऊन राह्यली. बापाची ती सगळी माया लाल रंगात गेली, आणि वऱ्हाडी माणूस रागीट आहे असं महिन्याच्या अहवालात छापून आलं.

पण ते निभावून गेलं असतं. रागीट म्हटल्यानं कोणी मरत नाही.

जुलैच्या शेवटी आर्णी तालुक्यातून एक तुकडा आला. "भाऊले दवाई लागली, सगळ्यायनं लक्ष ठेवजा." खाली जोडलेल्या हातांचं चित्र. मॅडम खुर्ची ओढून दीपाजवळ बसल्या.

"दवाई लागली म्हणजे? लागणं हे क्रियापद विचित्र आहे बघ. भूक लागते, लग्न लागतं, ऊन लागतं. ऊन लागतं तसं काही आहे का हे? की लागू पडली, गुण आला, असं?"

बघा, बाईनं दोन्ही दारं उघडून दाखवली होती. दीपाला काय ठाऊक नव्हतं? आपल्याकडं खोकल्याची ती दवाई आणि अळीवर मारायची तीही दवाई. पाठीवर पंप घेऊन फवारता फवारता माणसाला गरगरायला लागलं, ओकारी झाली, डोळ्यापुढं अंधारी आली की म्हणतात, याले दवाई लागली. ऊन लागतं तश्शीच. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं. पण ते सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. तुला कसं माहीत? माझा बाप फवारतो. स्वतःच्या शेतात? नाही, विठ्ठलरावांच्या शेतात, रोजानं. आणि ऑफिसात तर तिनं सांगून ठेवलं होतं की बाबा शेती करतात. समोर अमर कानातले इअरफोन काढून ऐकत बसला होता.

"लागू पडली," दीपा म्हणाली. "गुण आला, असं. हात जोडलेत ना, आभार मानतात."

मॅडमनी वहीत लिहिलं. दवाई लागली: औषधाचा गुण आला. समाधान. हिरवा.

दीपाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. उद्या सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. पण उद्या अमरनं तिच्यासाठी चहा आणला आणि म्हणाला, "तुझं मराठी मस्त आहे गं, तू यवतमाळची वाटतच नाहीस." मग कसलं सांगणं! आठ दिवसांनी तर तिला त्यात सांगण्यासारखं काही उरलंय असंही वाटेना. दोन्ही अर्थ खरेच आहेत की. लागूही पडतेच की दवाई.

ऑगस्टभर ते तुकडे येत राहिले. काकाले दवाई लागली. गड्याले लागली. दोघायले एकाच वावरात लागली. आधी आर्णी, मग दारव्हा, मग खाली मुकुटबनाकडून झरीचे. प्रत्येकाखाली जोडलेले हात. दीपाचं बोट आपोआप हिरव्यावर जायचं. भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर आर्णीभोवती हिरवा डाग पडला, तो सरकत सरकत जिल्हाभर झाला. कोकणात इतकं हिरवं कुठं नव्हतं, देशावर नव्हतं. मॅडम अचंब्यानं म्हणायच्या, "कापसाचे एवढे हाल, आणि तुमची माणसं औषधावर इतकी खूश? हा खरा प्रादेशिक फरक. यावर स्वतंत्र लेख होईल." आणि अमर म्हणायचा, "दीपा, तुमच्याकडचे डॉक्टर भारी दिसतात."

दीपा हसायची. पण त्या नकाशाकडं पाठ करून बसायला तिनं खुर्ची फिरवून घेतली होती. का, ते तिला विचारलं असतं तर तिनं उजेडाचं कारण सांगितलं असतं. भीती वाटायची तिला, दुसरं काय! त्या डागाची भीती वाटायची आणि आपल्यालाच वाटते याची लाजही वाटायची.

सप्टेंबरच्या एका रविवारी ती गावी गेली. भीमराज ओट्यावर बसून खोकत होता. डोळे लालबुंद. आई, इंदूबाई, त्याचा फवाऱ्याचा सदरा चार बोटांत धरून लांबूनच पाण्यात टाकत होती.

"हा सदरा धुतो तं माह्या हाताची आग होते," इंदूबाई म्हणाली. "म्या म्हणलं नोका जाऊ. आयकते कोण?"

दीपानं यवतमाळहून खोकल्याच्या गोळ्या आणि बाटली आणली होती. ती तिनं आईच्या हातात दिली. "दिवसातून तीनदा द्या. औषध लागू पडलं की मला कळवा."

"मला!" भीमराज खोकल्यातून हसला. "मला कळवा म्हणते! अवो, पोरगी तं पुन्याची झाली. भैताडे, घरी तं घरच्यावानी बोल."

"बाबा, तुम्ही फवारायला जाणं बंद करा. डोळे पाहा तुमचे."

"विठ्ठलरावचं दोन एकर राह्यलं फक्त. मंगळवारी होते. मंग नाही जात, तुही शप्पथ." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू कायले एवढी भेतं?"

संध्याकाळच्या एसटीनं दीपा परत आली.

मंगळवारी ऑफिसात नुसती धांदल. पुण्याहून वरचे साहेब नकाशा पाहायला येणार होते. कामाच्या वेळात मोबाईल दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा असा तिथला नियम, आणि चहाच्या सुट्टीतच तो हातात यायचा. अकराच्या सुट्टीत दीपानं मोबाईल उघडला तर आईच्या नंबरावरून निरोप. आईला लिहिता येत नाही, शेजारची उर्वशी लिहून देते.

"बाबाले दवाई लागली. झोपले हायेत."

दीपाचा जीव भांड्यात पडला हो! दोन दिवस त्या खोकल्याची काळजी डोक्यात होती तिच्या. तिनं अंगठ्याचं चित्र टाकलं, हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलं, आणि भराभर लिहिलं, "वा! बरं झालं. आराम करू द्या त्यांना. अजिबात उठवू नका. संध्याकाळी बोलते." तेवढ्यात मॅडमनी हाक मारली, साहेब आले. मोबाईल परत डब्यात गेला.

आज मंगळवार आहे, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. सकाळीच फळ्यावर तारीख तिनंच लिहिली होती.

साहेबांपुढं नकाशा लागला. मॅडमनी हिरवा डाग दाखवला, दीपाची ओळख करून दिली, साहेबांनी तिच्याशी हात मिळवला. दुपारी जेवणं झाली साहेबांबरोबरच, मागवलेल्या डब्यांतून. त्या गडबडीत कोणी मोबाईलच्या डब्याकडं फिरकलं नाही. पावणेतीनला साहेब गेले आणि दीपा आपल्या खुर्चीवर बसली. तिनं पहिला तुकडा उघडला. तालुका आर्णी.

"मामाले दवाई लागली, माती उद्या दहाले."

बोट हिरव्यावर गेलं आणि दाबलं गेलं. ठिपका पडला. मग डोळे शेवटच्या तीन शब्दांवर आले.

माती उद्या दहाले.

आपल्याकडं माती कशाची असते हे सांगायला कोणता कान लागतो? सकाळी दहाला माती, म्हणजे सकाळी दहाला माणूस मातीआड. दीपानं तो तुकडा दोनदा वाचला, तीनदा वाचला. मग तिनं मागचे तुकडे उघडले. काकाले. गड्याले. दोघायले एकाच वावरात. सगळीकडं तेच जोडलेले हात, आणि आता ते आभार मानत नव्हते, कोणाच्या तरी पाया पडत होते. चारशेच्या वर माणसं होती ती. तिनं स्वतःच्या बोटानं सगळ्यांना हिरवं केलं होतं.

आणि मग तिला अकराचा निरोप आठवला.

खुर्ची उलटी पडली. दीपा धावत दाराकडं गेली, डब्यातले बाकीचे मोबाईल खाली सांडले, तिनं आपला उचलला. सतरा कॉल येऊन गेलेले. खाली निरोपांची रांग.

अकरा वाजून बारा मिनिटं. "बरं बाई. तू म्हणतं तं झोपू देतो."

साडेबारा. "घाम लय येऊन राह्यला. उठवू का?"

एक चाळीस. "डोये उघडून नाही राह्यले. दीपे उठवू का?"

दोन दहा. "दीपे तोंडातून फेस आला."

त्यानंतर काही नव्हतं.

"दीपा, काय झालं?" मॅडम धावत आल्या.

"मॅडम, ते समाधान नाही," दीपा म्हणाली. "ते विष आहे. फवाऱ्याचं विष. मी खोटं सांगितलं तुम्हाला. माझा बाप... माह्या बापाले दवाई लागली, मॅडम! मले घेऊन चाला!"

कोणी हसलं नाही. अमरनं गाडीची किल्ली आणून मॅडमच्या हातात दिली. निशिगंधा मॅडम एकदा भिंतीकडं वळून बघत उभ्या राहिल्या, त्या हिरव्यागार जिल्ह्याकडं, आणि मग किल्ली घेऊन जिन्याकडं धावल्या.

उर्वशीचा फोन गावच्या अर्ध्या रस्त्यात लागला, आणि मॅडमनी गाडी तिथूनच मागं फिरवली. विठ्ठलरावांच्या गाडीतून भीमराजला यवतमाळच्या दवाखान्यात आणत होते. दीपा दारात पोचली तेव्हा त्याला आत नेलं होतं. इंदूबाई पायरीवर बसली होती, एक चप्पल पायात, एक कुठंतरी पडलेली. विठ्ठलराव खांबाला टेकून उभे होते.

डॉक्टर बाहेर आला. तरणाच होता, याच भागातला, महिनाभर हेच करून डोळे खोल गेलेले. "दवाई किती वाजता लागली?" त्यानं विचारलं. एका दमात विचारलं, बाराखडी विचारावी तसं.

"साडेधा असतीन," विठ्ठलराव म्हणाले. "वावरातच कोसयला. मी लगेच गाडी काढली साहेब, घरापुढं आणून लावली."

"मग पाच वाजता काहून आणलं? साडेसहा तास! अकरा-बाराला आणला असता तर माणूस हातात होता."

विठ्ठलराव इंदूबाईकडं पाहू लागले. इंदूबाईनं पदर सारखा केला. दीपा उभी होती तिथं उभीच राहिली.

"म्या नाही आणू देल्लं," इंदूबाई म्हणाली. "मले वाटलं झोपले हायेत तं झोपू द्या. मीच गाडी वापस धाडली. माही चुकी हाय साहेब."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो आत गेला.

भीमराज दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास गेला. एकदाही डोळे उघडले नाहीत त्यानं. दीपा त्याच्या कानाशी रात्रभर बोलत होती, सगळं गावच्याच बोलीत, बाबा मी आली, बाबा उठा न, बाबा मले भैताड म्हणा एकडाव. त्याला काही ऐकू गेलं की नाही कोण सांगणार.

गावी नेलं. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, माती झाली. मग बाया येऊन बसायला लागल्या. जी ती तेच विचारायची, कसं झालं वो इंदू? आणि इंदूबाई प्रत्येकीला तेच सांगायची, गाडी मीच वापस धाडली, माह्याच अकलेले आग लागली होती. बाया चुकचुकायच्या. काही जणी उठून गेल्यावर आडून बोलायच्या, बाईनं नवरा घालवला म्हणायच्या, आणि ते बोलणं घरात ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी दीपाला सहन होईना. चुलीपाशी आई एकटी होती, तेव्हा तिनं तिचे पाय धरले.

"आई, तू कायले माह्यं पाप आपल्यावर घेऊन राह्यली? म्या लिहिलं होतं आराम करू द्या. म्या लिहिलं होतं उठवू नोका. मी उलटं समजली वो आई. मी सगळ्यायले सांगतो. आत्ताच सांगतो."

इंदूबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. त्या हाताला अजून सदरा धुतलेल्या पाण्याचे फोड होते. "चूप. मले त्याच दिवशी खटकलं होतं, उर्वशीनं हासऱ्या तोंडाचं चित्र दाखवलं तवाच. पन म्या म्हणलं, पोरगी यवतमायले राह्यते, शिकेल हाय, तिले आपल्याहून जास्त समजत असन. म्हणून झोपू देल्लं."

"मंग सांग न सगळ्यायले!"

"काय सांगू?" इंदूबाईचा आवाज पहिल्यांदा फुटला. "नवरा मारला म्हणतीन तं म्हणू दे मले. पन भीमराजच्या पोरीले घरचं बोलणं समजलं नाही, हे मी या गावात कोणाले सांगू? त्यायले मेल्यावर बी लाज वाटन."

बाहेर ओट्यावर कोणीतरी खाकरलं. मुकुटबनाहून नणंद तानाबाई आली होती. इंदूबाईनं डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि उठून दाराशी गेली. तानाबाई तिच्या गळ्यात पडून रडली आणि मग तिनंही विचारलं, दादाले दवाखान्यात न्यायले एवढा वेळ काहून लागला?

"मीच वो तानाबाई," इंदूबाई म्हणाली. "गाडी मीच वापस धाडली."

आत चुलीपाशी दीपा तोंडात पदर कोंबून बसली होती.